नाना अवयव पाडतात

डोंबिवली पूर्वेला रिक्षाच्या रांगेत नाना तुमच्या पुढे उभे असतील, तर घरी फोन करून उशीर होईल असं सांगून टाकावं. त्यांची पाळी येते, रिक्षा समोर येऊन थांबते, नाना वाकून नंबरप्लेट बघतात आणि मागच्याला म्हणतात, "तुम्ही बसा." रिक्षा नाकारायला इतरांना सीट फाटलेली लागते, सुट्टे नसलेले लागतात. नानांना नुसता नंबर पुरतो. "३८६२. दोन गुणिले १९३१. संपला विषय. असल्या नंबरात बसून माणसानं वाटभर करायचं काय?"

मागे एकदा ६१७४ आली. ती गावाच्या भलत्याच टोकाला निघाली होती, तरी नाना बसले. परत यायला दुसरी रिक्षा करावी लागली. माईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "अगं, कापरेकरांची होती." समोरच्या बिल्डिंगमधल्या कापरेकरांनी या वयात रिक्षा घेतली, ही बातमी माईंनी संध्याकाळपर्यंत तीन मजले पोचवली होती.

नानांचे कापरेकर वेगळे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५ सालचा, आणि हयात गेली देवळालीच्या शाळेत मास्तरकी करण्यात. कुठलीही चार आकडी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेले वजा करा, येईल त्याला पुन्हा तीच वागणूक द्या. फार तर सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन उभे राहता आणि तिथून हलत नाही. हे कापरेकरांनी १९४९ साली जगाला सांगितलं. नाना कुणाच्याही पोराला धरून हे करायला लावतात. पोराने सोपी संख्या घेतली, की त्यांना चालत नाही. ते स्वतः १९६० देतात, महाराष्ट्राचं साल म्हणून. ९४४१, ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि मग ६१७४. बरोबर सात. "बघ, एकसुद्धा पायरी माफ नाही," असं नाना म्हणतात, तेव्हा महाराष्ट्राबद्दल ते काहीतरी बोलले असं उगाच वाटत राहतं.

कापरेकरांबद्दल नानांच्या मनात भक्ती आहे तशी थोडी स्थानिक मालकीही आहे. कारण कापरेकरांनी काही संख्यांना 'डेम्लो' असं नाव दिलं, ते तेव्हाच्या जीआयपी रेल्वेच्या या आपल्या डोंबिवली स्टेशनावरून. तिथे त्यांना ती कल्पना सुचली. १११११११११ चा वर्ग करा, १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. चढतो तसा उतरतो. पुण्याचा कुणी पाहुणा पुण्याच्या गोष्टी सांगू लागला, की नाना त्याला पूर्ण बोलू देतात. मग विचारतात, "पुण्याच्या नावानं एखादी संख्या आहे का हो?" आपल्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, पण १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनरने आपल्या मासिकातल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा जगाला देवळाली कळली, हेही ते सांगतात. ऐकणाऱ्याने स्वतः जाऊन कापरेकरांची क्षमा मागावी, अशा सुरात.

नाना बँकेत कॅशियर होते. उभी नोकरी लाखालाखांच्या आकड्यांना हात लावायचा आणि जसेच्या तसे पुढे सरकवायचे, यात त्यांची फार उपासमार झाली असली पाहिजे. निवृत्त झाल्यापासून ते दिसेल ती संख्या फोडतात. विजेचं बिल आलं की माई ते आधी लपवतात, कारण नानांच्या हाती पडलं तर रक्कम, ग्राहक क्रमांक, मीटरचं वाचन आणि मागच्या महिन्याचं वाचन, सगळ्यांचे मूळ अवयव पडेपर्यंत ते भरलं जात नाही.

"अहो, आधी भरा, मग फोडा."

"अगं, भरल्यावर रक्कम शून्य होते. शून्याचं काय फोडू?"

याला माईंकडे उत्तर नाही. गणिताकडेही नाही.

त्यांची पद्धत मात्र ऐकण्यासारखी आहे. आधी शेवटचा अंक बघायचा. दोन आणि पाच तिथेच निकालात निघतात. मग अंकांची बेरीज; तीन आणि नऊ त्यात सापडतात. एक सोडून एक अंक मिळवायचे आणि दोन बेरजांमधला फरक बघायचा, तो अकराचा. सातासाठी शाळेत शिकवलेली कसोटी त्यांना गबाळी वाटते. ते उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडतात, आळीपाळीने अधिक-वजा करतात, आणि उरेल त्याला सात, अकरा, तेरा लावून बघतात, कारण १००१ म्हणजे सात गुणिले अकरा गुणिले तेरा. हे सगळं ते पुटपुटत, बोटं न वापरता करतात. लोकलमध्ये शेजारी बसलेल्यांना नाना जप करत आहेत असं वाटतं, आणि त्या समजुतीपोटी त्यांना खिडकी मिळते.

एवढं सगळं दहा आकडी संख्येपर्यंत ठीक चालतं. अडचण ओटीपीची. ओटीपी सहा आकडी असतो, म्हणजे नानांच्या दृष्टीने चघळायला अगदी बेताचा, पण तो काही मिनिटांत मरतो. मध्यंतरी गॅसच्या भानगडीत त्यांना ५१०५१० आला. त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला, चष्मा पुसला आणि माईंना हाक मारली. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, या पहिल्या सात मूळ संख्यांचा गुणाकार म्हणजे ५१०५१०! कुणी गाळली नाही, कुणी दोनदा आली नाही. माई आल्या, नानांनी समजावून सांगितलं, तोवर ओटीपी वारला. नवा मागवला तर आला कसलातरी फुटकळ, तो नानांनी न बघता टाकला. तीन दिवस सिलिंडर नव्हतं. शेजारच्या शेगडीवर भाकरी भाजताना माईंनी जे सांगितलं, त्यावरून आम्हाला हे कळलं.

लग्नकार्यात तर नानांना बोलवावं की नाही यावर यजमानांत खल होतो. पाकिटात शंभरावर एक रुपया का घालायचा, याचं उत्तर आपल्याला आजी देते. नानांचं स्वतःचं आहे. १०१ मूळ संख्या आहे, तिचे तुकडे पडत नाहीत, म्हणून ती शुभ. तेव्हा कुणी १००१ चा आहेर केला, की नाना कळवळतात: "अहो, तीन तुकडे! संसाराला कुणी असं देतं का?" पहिल्या मजल्यावरच्या मुलीच्या लग्नात त्यांनी स्वतः दोन पाकिटं केली. नवरीला २२० रुपये आणि नवऱ्याला २८४. मुलीकडच्यांना वाटलं, यांनी मुलाला जास्त दिले. मुलाकडच्यांना वाटलं, नाणी मोजून खिसा रिकामा केला. २२० ला ज्या ज्या संख्येने भाग जातो त्या सगळ्यांची, म्हणजे ती स्वतः सोडून, बेरीज २८४ होते, आणि २८४ च्या तशाच बेरजेतून परत २२० निघते. या मित्रसंख्या, एकमेकींच्या पोटात एकमेकी, इतका सुंदर आशीर्वाद दुसऱ्या कुणी दिला नव्हता. पण ही फोड त्यांनी पाकिटावर बारीक अक्षरात लिहिली होती आणि पाकिटं, नेहमीप्रमाणे, फाडून फेकली गेली.

कुठल्याही संख्येची नाना अशी पत्रिका मांडतात. सम की विषम, मूळ की संयुक्त, वर्ग आहे का, त्रिकोणी आहे का, अंकांच्या बेरजेने तिला भाग जातो का. जात असेल तर ती हर्षद. हे नावही कापरेकरांचंच, आणि नाना वाढदिवसाच्या शुभेच्छा फक्त हर्षद वयाला देतात: त्रेसष्टला, सत्तरीला, बहात्तरला. एकाहत्तराव्याला गेलेल्या माणसाला ते म्हणतात, "वर्षभर थांबा." साल २०२५ त्यांचं विशेष लाडकं होतं. पंचेचाळीसचा वर्ग, एकपासून नऊपर्यंतच्या घनांची बेरीज, वीस अधिक पंचवीस पंचेचाळीस, वर हर्षद. डिसेंबर संपत आला तसे ते उदास होत गेले. २०२६ म्हणजे दोन गुणिले १०१३, बाकी काही नाही.

पत्रिकेतलं सगळ्यात महत्त्वाचं घर विभाजकांचं. संख्येच्या, ती स्वतः सोडून, बाकी विभाजकांची बेरीज तिच्यापेक्षा कमी भरली तर ती न्यून, जास्त भरली तर विपुल, आणि नेमकी तितकीच भरली तर परिपूर्ण. दहाचे एक, दोन, पाच मिळून आठच होतात. बाराचे सोळा होतात. सहाचे एक, दोन, तीन मिळून सहा. ही प्रतवारी पहिल्या-दुसऱ्या शतकात निकोमाकस नावाच्या ग्रीकाने लिहून ठेवली, आणि त्याला संख्यांचं चारित्र्य दिसायचं: विपुल संख्या म्हणजे जास्तीचे अवयव फुटलेला प्राणी, न्यून म्हणजे अपंग, आणि परिपूर्ण म्हणजे सद्गुण, म्हणूनच दुर्मीळ. त्याला अशा चारच ठाऊक होत्या: ६, २८, ४९६ आणि ८१२८. एक आकडी एक, दोन आकडी एक, तीन आकडी एक, चार आकडी एक. त्यावरून त्याने ठरवून टाकलं की पाच आकडीही एक असणार, सहा आकडीही एक. नाना इथपर्यंत सांगतात आणि मान हलवतात. पाच आकडी नाही. सहा आकडी नाही. सात आकडी नाही. निकोमाकसच्या वतीने नानांना याचं इतकं वाईट वाटतं, की दुसऱ्या कुणाला घरातल्या माणसाचं वाटणार नाही.

तिसऱ्या मजल्यावर एक अंकज्योतिषी राहतात. ते आणि नाना एकमेकांशी बोलत नाहीत. दोघंही दिवसभर लोकांच्या मोबाइल नंबरातले अंक मिळवतात. एक ती बेरीज काढून मुलीच्या नावात जादा अक्षर घालायला सांगतात आणि पैसे घेतात. दुसरे तीनने भाग जातो का बघतात आणि चहा पाजतात. गिऱ्हाईक कुणाकडे जास्त, हे सांगायला नको.

फोनवरून आठवलं. १९८२ साली अमेरिकेत अल्बर्ट विलान्स्की नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, की आपल्या मेव्हण्याचा फोन नंबर, ४९३७७७५, साधा नाही. त्याचे मूळ अवयव ३, ५, ५ आणि ६५८३७. मूळ नंबरातल्या अंकांची बेरीज ४२, आणि सगळ्या अवयवांतल्या अंकांचीही ४२. मेव्हणे आडनावाने स्मिथ, म्हणून अशा संख्या स्मिथ संख्या झाल्या. ही गोष्ट वाचली त्या रात्री नानांनी सांगलीला स्वतःच्या मेव्हण्यांना फोन लावला. जमिनीच्या वाटणीवरून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं, माईंनी भावाचं नाव काढणं सोडलं होतं. फोन वाजला तेव्हा मेव्हण्यांचा गळाच दाटला. "बोला नाना, बोला." नाना म्हणाले, "तुमचा जुना लँडलाइन नंबर सांगा." त्यांनी तो सांगितला, घसा खाकरत सांगितला. पलीकडून बराच वेळ नुसतं पुटपुटणं ऐकू येत होतं. शेवटी नाना म्हणाले, "थोडक्यात हुकला हो," आणि फोन ठेवला. या 'थोडक्यात हुकला'चा अर्थ मेव्हण्यांनी वाटणीशी लावला, आणि दिवाळीत स्वतःहून समझोत्याचा कागद घेऊन आले. नानांनी कागदावरचा गट क्रमांक मात्र बराच वेळ पाहिला.

नातू सुटीत आला की मोबाइलमध्ये संख्या टाकतो आणि क्षणात अवयव काढून दाखवतो. नानांचा याला विरोध नाही, फक्त त्यात त्यांना राम दिसत नाही. ते त्याला ४२९४९६७२९७ ही संख्या देतात. ही मूळच आहे अशी फर्माची खात्री होती. ऑयलरने १७३२ साली तिला ६४१ ने भागून दाखवलं, उरली ६७००४१७. "कशानं भागलं?" नातू विचारतो. "टाकानं आणि शाईनं," नाना म्हणतात. मग नातवाकडून त्यांना नवी बातमी मिळते. २०२४ साली सापडलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या चार कोटी दहा लाखांहून जास्त आकडी आहे. नाना थोडा वेळ गप्प बसतात आणि विचारतात, "छापली कुठं?"

त्यांच्या सार्वजनिक आयुष्यातला मोठा प्रसंग सोसायटीच्या गणपतीतला. विविधगुणदर्शनात नाव द्यायचं होतं, नानांनी दिलं, प्रकाराच्या रकान्यात काही लिहिलं नाही. फॅन्सी ड्रेस आणि अंताक्षरीच्या मध्ये त्यांचा नंबर लागला. नाना फळा घेऊन स्टेजवर आले, एक शब्द न बोलता त्यांनी दोनचा सदुसष्टावा घात करायला घेतला, त्यातून एक वजा केला आणि लिहिलं १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. मग फळ्याच्या दुसऱ्या अर्ध्यावर लिहिलं ७६१८३८२५७२८७ गुणिले १९३७०७७२१, आणि गुणाकार मांडायला सुरुवात केली. आठ ओळींचा गुणाकार. पहिल्या ओळीला शिट्टी आली. तिसऱ्या ओळीला माइकवरून कुणाची तरी चप्पल बदलली गेल्याची घोषणा झाली. पाचव्या ओळीला मुलं मोदकांकडे गेली. नानांचा हात थांबला नाही. शेवटी खाली तीच एकवीस आकडी संख्या आली. नानांनी खडू ठेवला आणि जाऊन खुर्चीत बसले.

हे सगळं असंच्या असं १९०३ साली न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी केलं होतं. ही संख्या मूळ आहे असं मेर्सेनने १६४४ साली म्हणून ठेवलं, नाही असं लुकासने १८७६ साली सिद्ध केलं, पण तिचे अवयव कुणाला सापडत नव्हते. कोलसाहेबही एक अक्षर बोलले नाहीत, आणि सांगतात की गुणाकार जुळला तेव्हा सभा उभी राहून टाळ्या वाजवत होती. किती वेळ लागला, असं नंतर कुणी विचारलं तर म्हणाले, तीन वर्षांचे रविवार. आमच्याकडे परीक्षक बाई बाहेरच्या होत्या. त्यांनी नानांना मूकाभिनयाचं उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. स्टीलचा डबा. माई त्यात साखर ठेवतात.

यंदा बिल्डिंगच्या रीडेव्हलपमेंटची सभा झाली. बत्तीस बिऱ्हाडं, बिल्डरचा माणूस लॅपटॉप घेऊन आलेला. कार्पेट किती, भाडं किती, पार्किंग कुणाला, यावर तीन तास गेले आणि कॉर्पसच्या रकमेवर गाडी अडली. बिल्डर तीन कोटी पस्तीस लाखांच्या वर सरकेना. कुणी चार म्हणे, कुणी साडेतीन, सेक्रेटरी घाम पुसत होते. नाना कोपऱ्यात पुटपुटत बसले होते. अजेंड्यावरच्या आकड्यांना ते केव्हाच लागलेले होते. ते एकदम उभे राहिले.

"तीन कोटी पस्तीस लाख मान्य आहेत. वर पन्नास हजार तीनशे छत्तीस रुपये द्या."

सभा गप्प झाली. इतका नेमका आकडा ज्याच्या तोंडून येतो, त्याने काहीतरी वाचलेलं असतं, असं बिल्डरच्या माणसाला त्याच्या धंद्याने शिकवलं असणार. त्याने लॅपटॉपमध्ये वरखाली केलं. स्टॅम्प ड्यूटी? जीएसटी? महापालिकेचा एखादा नवा आकार? त्याने सावधपणे विचारलं, "साहेब, हे कशाच्या आधारावर?"

"आधार पक्का आहे. तेराव्या शतकापासून लोक त्याच्या मागे आहेत, आता माघार नाही," नाना म्हणाले. "आणि एक सांगून ठेवतो. याच्या खालची घ्यायची तर ८१२८ रुपये होतात. तेवढ्यात आम्ही घर सोडणार नाही. याच्या वरची घ्यायची तर थेट आठशे अठ्ठावन्न कोटी अठ्ठ्याण्णव लाख एकोणसत्तर हजार छप्पन्न. मध्ये काही नाही. मी नीट बघितलंय."

आठशे अठ्ठावन्न कोटी ऐकल्यावर बिल्डरच्या माणसाने पाणी मागितलं. बाहेर जाऊन एक फोन केला, आत आला आणि म्हणाला, "पन्नास हजार तीनशे छत्तीस. लिहून घ्या." टाळ्या पडल्या. खजिनदारांनी कॅल्क्युलेटरवर भागून सांगितलं, की नानांमुळे दर बिऱ्हाडाला पंधराशे त्र्याहत्तर रुपये जास्त मिळाले. "अकराचा वर्ग गुणिले तेरा," नाना म्हणाले, पण तोवर चहा आणि वडे आले होते आणि लोक उठले होते. ३,३५,५०,३३६ म्हणजे दोनचा बारावा घात गुणिले ८१९१, आणि तिचे स्वतःखेरीजचे पंचवीस विभाजक मिळवले की नेमके ३,३५,५०,३३६ होतात, हे ऐकायला नानांपुढे एकच माणूस उरला. तो बिल्डरचा. त्याने सगळे पंचवीस वहीत उतरवून घेतले, स्वतः बेरीज करून पाहिली, दोनदा. मग आवाज खाली आणून विचारलं,

"साहेब, या सगळ्या समच दिसतायत. विषममध्ये एखादी नसते का? जरा मधल्या भावातली?"

"दोन हजार वर्षं शोधतायत. आहे की नाही, ते अजून कुणाला सांगता आलेलं नाही," नाना म्हणाले. "असलीच, तर दीड हजारांहून जास्त आकडी असेल. तुमच्या साहेबांना नाही परवडायची."